किती घट्ट

"जोर मोजणारा स्क्रू-ड्रायव्हर हवाय, मुलासाठी," दुकानात पाऊल टाकताच त्याने सांगून टाकलं. मूल त्यांना झालंच नव्हतं. शेजारी उभ्या बायकोने त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही.

दुकानदाराने तसले दोन काउंटरवर ठेवले आणि सरावाचा लाकडी ठोकळा पुढे सरकवला. "काम कसलं करतो मुलगा?"

"कॅमेरे दुरुस्त करतो. घरीच."

"हात कसा आहे त्याचा? जड की हलका?"

"चांगला होता," तो म्हणाला.

आख्खा जन्म त्याने तांदळाएवढे स्क्रू निव्वळ बोटांच्या अंदाजाने आवळले होते. आणि त्याचा तोरा केवढा! तो स्क्रू आवळत असताना घरात कुणी बोलायचं नाही. बायकोने चहा आणला तरी खोलीच्या दाराशीच थांबायचं. मग तो मोठा आजार आला. औषधांनी आजार हुसकावला, पण त्याच्याबरोबर बोटांची जाणीव गेली आणि कानांतले बारीक आवाजही गेले. गेल्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या वडिलांचा कॅमेरा स्क्रू जास्त आवळला जाऊन त्याच्या हाताखाली तडकला. तेव्हापासून त्याने बाकीचे कॅमेरे न उघडताच परत केले होते. टेबलावर एकच उरला होता. तोही बिघडला तर खोलीला कुलूप लावायचं, आणि मग सकाळी उठून करायचं काय?

पहिल्या स्क्रू-ड्रायव्हरला काटा होता. काटा रेघेवर आला की आपण थांबायचं. त्याने नजर काट्यावर लावली, आणि टोक स्क्रूवरून घसरून लाकडात रुतलं.

"राहू द्या, काका, हा बघा," दुकानदाराने दुसरा हातात दिला. "स्क्रू हवा तेवढा बसला की टक् होतं. मग कितीही फिरवा, पुढे आवळत नाही."

त्याने श्वास रोखून फिरवायला घेतलं. फिरवत राहिला. कपाळावर घाम आला, ओठ कोरडे पडले, तरी मूठ फिरतच होती.

"खराब आहे हा," तो म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "टक् होतच नाही. दुसरा द्या, अहो, दुसरा काढा ना एखादा."

दुकानदार तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने नवऱ्याच्या मुठीवर हात ठेवला.

"अहो, झालंय."

"कधी?"

"मघाशीच."

तो ठोकळ्याकडे बघत राहिला. दुकानदार स्वच्छच असलेलं काउंटर पुसायला लागला.

"हाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली. मग नवऱ्याच्या मुठीतून तो स्क्रू-ड्रायव्हर हळूच सोडवून घेतला. "दारापर्यंत हे टक् ऐकू येणार नाही मला. तुमच्या टेबलाशी मला एक स्टूल ठेवा."