विहिरीची पाटी

वारसा मंडळाने गावातली जुनी विहीर साफ केली आणि पाटी तयार केली: ‘इथे सारं गाव एकत्र पाणी भरत असे.’

“माधवकाका, हे खोटं आहे,” रचना म्हणाली. गाळ उपसायला तीही सगळ्यांबरोबर उतरली होती. “माझ्या आजीला विहिरीला शिवू देत नव्हते. कुणी पाणी ओतेपर्यंत ती त्या चिंचेखाली ताटकळायची. तेवढी एक ओळ घाला.”

“अगं, दिवेआगरला जाणारे पर्यटक वाचणार हे. कशाला जुनं उकरून काढतेस?” मंडळाचे अध्यक्ष माधवकाका म्हणाले.

पाटी लागली. फोटोसाठी सगळे कठड्यावर बसले.

“रचना, फोटो तू काढ,” काका म्हणाले. “जरा लांब जा. त्या चिंचेखाली उभी राहा, म्हणजे सारं गाव येईल.”