पुसलेल्या चिठ्ठ्या

घरचा कॉम्प्युटर सुरूच होईना. वसंतरावांना त्यातले फक्त लेकीच्या, प्राजक्ताच्या, लग्नाचे फोटो हवे होते.

सौसर गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली श्रुती म्हणाली, “काका, फोटो निघाले. पण पुसलेल्या फायलीही वापस आल्या.”

प्राजक्ताच्या तीन चिठ्ठ्या होत्या, लिहून पुसून टाकलेल्या. दर वर्षी एक, माहेरी पोळा करून ती सासरी निघायची, त्याच सकाळची. तिन्हींत एकच ओळ: ‘बाबा, मले वापस नका पाठवू.’

तिन्ही वेळा वसंतरावांनीच तिला हौसेनं बसमध्ये बसवून दिलं होतं.

त्यांनी तिथूनच फोन लावला. “प्राजू, बॅग भर. तुले न्याले येऊन राहिलो.”

ती हळूच म्हणाली, “बाबा, कॉम्प्युटर सुरू झाला वाटते?”