पलीकडची रेंज

“बाई, ही परातबी घ्या,” नंदाबाई स्टुलावरून म्हणाल्या.

पुष्पाबाईंनी परात हातात घेतली, पण जीव तुटत होता. ही मांडणी म्हणजे त्यांचा तोरा. स्टीलचे डबे, पितळी हंडे, ओळीनं लावलेली ताटं. अंबडला त्यांच्याकडं आलेल्या बाईची नजर आधी तिथंच जायची. म्हणूनच ती दारासमोरच्या, त्यांच्या आणि जाऊ नंदाबाईंच्या घरांमधल्या भिंतीला लावलेली. आज धाकट्या जावेच्याच हातून ती रिकामी होत होती.

कारण भिंतीपलीकडं, नंदाबाईंच्या घरात, इंटरनेटचं मशीन होतं. बिनवायरीचं, अख्ख्या वाडीवस्तीला पुरेल अशी त्याची तारीफ ऐकलेली. प्रत्यक्षात पुरायचं ते नंदाबाईंना. रविवारी सिंगापूरहून पुष्पाबाईंचा मुलगा भागवत लॅपटॉपवर बोलायला यायचा. चार वर्षांच्या नातवाचं तोंड दिसतंय न दिसतंय, तोच चित्र गोठायचं. मग लॅपटॉप उचलून जावेच्या घरी पळायचं. तिथं नंदाबाई पदर खोचून तयारच! त्या मांजराचा आवाज काढायच्या, लाटणं डोक्यावर धरून नाचायच्या, आणि पोरगं खिदळायचं. सख्खी आजी मागून मान लांब करून बघत राहायची. पुष्पाबाईंच्या पोटात दुखायचं, आणि हे दुखणं कुणाला सांगायची सोय नव्हती.

“मोठी आई, तुमच्या भांड्यांनीच रेंज अडून राह्यली,” नंदाबाईंचा गजानन परवा म्हणाला होता. “भिंतीला भांड्यांची दुसरी भिंत केली तुम्ही. मांडणी हलवा, मी मशीन इकडच्या अंगाला सरकवतो. मंग बराबर येईल.”

“मी येते की उतरवायला,” नंदाबाई लगेच बोलल्या होत्या. “बाईंनी एकटीनं कुठं चढावं?”

हा चांगुलपणाच पुष्पाबाईंना सोसत नव्हता. जाऊ भांडली असती, टोमणे मारले असते, तर तिच्यावर मनासारखं चिडता तरी आलं असतं. ही बया हसतमुखानं हंडे पुसून खाली ठेवत होती.

मांडणी आतल्या खोलीत गेली. भिंत उघडीबोडकी दिसू लागली. पुष्पाबाईंनी लॅपटॉप तिथंच टेबलावर मांडला, समोर खुर्ची ठेवली. एकच.

कॉल आला. चित्र असं स्वच्छ, की नातवाच्या ओठावरची दुधाची मिशीसुद्धा दिसली. पुष्पाबाईंना भरून आलं. मध्ये कुणी नाही, कुणाच्या खांद्यावरून बघणं नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा पोरगं त्यांच्या एकटीचं होतं.

“माझं सोनं ते! जेवला का रे?”

पोरगं पडद्याजवळ आलं. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“आजी कुठंय?”

“अरे, मीच की आजी.”

“तू नाही. नंदा आजी.”

नंदाबाई नुकत्याच हात धुऊन दाराशी येऊन उभ्या होत्या, लॅपटॉपच्या मागच्या बाजूला. पोराला त्या दिसत नव्हत्या; पुष्पाबाईंना समोरच दिसत होत्या. आपलं नाव ऐकून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी पदराला हात पुसले आणि एक पाऊल आत टाकलं.

“नंदा आजी पाहिजे!” पोरगं ओरडलं. आवाज पार ओट्यापर्यंत खणखणीत गेला.

पुष्पाबाईंनी जावेच्या डोळ्याला डोळा दिला. मग पडद्याकडं वळून कानामागं हात धरला.

“काय म्हणतो रे राजा? काहीच ऐकू येऊन न्हाई राह्यलं. रेंज न्हाई बघ इकडं.”