संपर्कासाठी एक नाव

"हा रकाना रिकामा ठेवून नाही चालायचं," टेबलामागच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज मास्तरांच्या पुढ्यात परत सरकवला.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे?' बाकी सगळा अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात भरला होता. वय सदुसष्ट. व्यवसाय शिंपी. औषधं, रक्तदाबाची एक गोळी. या ओळीपाशी येऊन मात्र पेन अडलं होतं.

"तसं कोणी नाही हो," ते म्हणाले. "बायको गेली. मूलबाळ नाही."

"अहो, शिबिराचे दहा दिवस तुमचा मोबाइल आमच्या कपाटात राहणार. कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही. त्यात इथली थंडी. उद्या तुम्हाला काही दुखलंखुपलं, तर मी कोणाला हाक मारू? शेजारी, मित्र, कोणीही चालेल. पण माणूस हवा."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. धुक्यात उंच झाडं गुडघाभर बुडून उभी होती. इथवर यायला त्यांनी दोन गाड्या बदलल्या होत्या, आणि शेवटच्या दीडशे पायऱ्या ते हातात बॅग घेऊन, वळणावळणाला टेकत चढले होते. झोप उडाली होती त्यांची. झोपेबरोबर हातही गेला. चाळीस वर्षं ज्यांची कात्री कधी चुकली नाही, त्यांनी गेल्या महिन्यात एका कोटाची बाही उलटी कापली. गिऱ्हाईक डॉक्टर होतं, रागावलं नाही. "गोळ्या पुष्कळ झाल्या, मास्तर," ते म्हणाले. "कुठेतरी डोंगरावर जा. दहा दिवस मौन पाळा. मन निवेल."

मन कशाने पेटलंय, ते मास्तरांनी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली, ती धाकट्या भावाच्या घरी. मास्तर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. दारातच, चार माणसांदेखत, ते भावाला म्हणाले, "तू नीट बघितलं असतंस, तर आज आई असती." ज्याने दोन वर्षं नोकरी सोडून आईला उचलून अंघोळ घातली होती, त्याला. भाऊ खाली मान घालून आत गेला. मग आज याने फोन केला नाही, उद्या त्याने केला नाही. अबोला धरायला कोणाला मुहूर्त लागत नाही. तो आपोआप धरला गेला आणि घट्ट होत गेला.

शेवटी मास्तरांनी पेन उचललं. भावाच्या घरचा नंबर ते न अडखळता लिहून गेले. बघावा लागला नाही.

बाईंनी लगेच टेबलावरचा फोन पुढे ओढला. "लागतो का ते बघावं लागतं. मागे एकाने बंद पडलेलाच नंबर दिला होता. आणि मला एका कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा स्पीकरवर लावते."

"नको, नको, थांबा. मी दुसरा देतो..."

तोवर पलीकडे घंटी वाजायला लागली होती.

"कोण बोलतंय?"

आवाज थकला होता, पण तोच होता. बाईंनी ठिकाण सांगितलं, मास्तरांचं नाव सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"काय झालं त्याला? मी निघतो. पत्ता सांगा."

"अहो, काही झालेलं नाही. ते इथे राहायला आलेत, एवढंच. नंबर तपासायचा नियम आहे. तुम्ही त्यांचे कोण?"

"धाकटा." मग जरा थांबून, "धाकटा भाऊ. आणि हे बघा, त्याला खिडकीखालची खाट देऊ नका. छाती भरते त्याची. तो सांगायचा नाही. खोकत बसेल नुसता."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दोन्ही हात हलवून खुणा करत होते, मी समोर बसलोय म्हणून सांगू नका.

"ते समोरच बसलेत," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकतायत."

त्यांनी रिसीव्हर उचलून मास्तरांच्या हातात दिला आणि त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तरांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"दादा, जेवलास का?"

मास्तरांनी मान हलवली, मग फोनवर ती दिसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

"त्या दिवशी दारात मी तुला..." ते कसेबसे म्हणाले. "चुकलं रे माझं. तू होतास म्हणून ती दोन वर्षं जगली."

"तुझी आई गेली होती, दादा," धाकटा म्हणाला. "माणूस बोलतो."

बाहेर कुठेतरी घंटा झाली. आत जायची वेळ झाली होती. बाईंनी हळूच येऊन अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं. मौन पाळण्याची सही तेवढी राहिली होती.

मास्तरांनी रिसीव्हरवर हात धरला. "हे आता जमायचं नाही, बाई. खाली जाणारी गाडी किती वाजता आहे?"

"अडीचला," बाई म्हणाल्या, आणि दार लोटून घेऊन बाहेर गेल्या.

खोलीत मास्तर एकटेच उरले. नऊ वर्षांचं एकदम कुठून काढायचं?

"हा घरचा फोन अजून ठेवलास तू?" त्यांनी विचारलं. "आता कोण ठेवतं?"

"पोरं हसतात मला. काढून टाका म्हणतात," धाकटा म्हणाला. "पण काढला असता, तर तू फोन कुठे केला असतास?"