माझ्याच पेशी

धाकट्याची किडनी मला चालेल का, हे पाहायला प्रयोगशाळेत माझ्या रक्तातल्या द्रवात त्याच्या पेशी सोडल्या. त्या जगल्या; रक्ताला परक्या वाटल्या असत्या, तर मेल्या असत्या. पडताळा म्हणून तिथे माझ्याच पेशीही माझ्याच द्रवात सोडतात. त्या सगळ्या मेल्या. दुसऱ्या खेपेलाही मेल्या.

"नळ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही," धाकटा तपासणीच्या बाईंवर खेकसला. "इथे दादाचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्हाला साध्या चिठ्ठ्या लावता येत नाहीत."

बाईही भडकल्या. त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत माझं रक्त काढलं आणि चिठ्ठी स्वतः लावली. दुपारी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून त्या धाकट्याकडे वळल्या.

"पुन्हा तेच. या रक्ताला तुम्ही आपले वाटता, भाऊ. परके आहेत ते हे, तुमचे दादा."

मी ओशाळून हसलो. चूक माझीच असणार, असं मला नेहमीच वाटतं.

धाकटा हसला नाही. त्याने माझा दंड सोडला, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि दातओठ खात, जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो करत विचारलं,

"खरं सांगा, आमच्या दादाचं काय केलंत तुम्ही?"

मी आठवायला लागलो.