सातवं नाव

मोठ्या काकूंनी बुरुलच्या ताटलीत मांसाचा तुकडा वाढला आणि डोळे पुसले. "त्या घोडीचा शेवट बघून मी ढसाढसा रडले गं."

"कुठे पाहिलात, काकू? चित्रपट अजून लागलासुद्धा नाही."

"अगं, अख्ख्या गावाच्या मोबाइलवर आहे. फुकट!" काकूंच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं.

बुरुलनं घास ताटलीत परत ठेवला. चार वर्षं रक्ताचं पाणी करून काढलेला चित्रपट येत्या शुक्रवारी राजधानीत, बिश्केकला लागणार होता. बुधवारी कुणीतरी तो चोरून जगाला वाटला आणि थिएटरवाल्यानं हात वर केले. बुरुलनं संकलक मारातवर आळ घेतला, सगळ्यांदेखत त्याला हाकललं. "पासवर्ड तुझा, मला तो माहीतही नाही," एवढंच बोलून तो बिचारा निघून गेला.

आज सकाळी तिनं चित्रपट ठेवलेल्या ऑनलाइन खात्याची नोंद उघडली. मंगळवारी, तिच्या गावाकडच्या नारिनहून, पहिल्याच फटक्यात बरोबर पासवर्ड. मारात जन्मात इकडे फिरकला नव्हता. पासवर्ड होता बोरुबाय, लहानपणी घोकलेल्या सात पूर्वजांपैकी सातवा. बिश्केकमध्ये कुणाच्या बापाला ओळखता आला नसता, याचा तिला केवढा अभिमान!

म्हणून ती नारिनजवळच्या या घरी, पितरांच्या जेवणाला आली होती. जेवायचं सोडून माणसं न्याहाळत होती. चुलतभाऊ नूरदीन नजर चुकवत होता. पण तो लहानपणापासून तसाच. त्याची नवी बायको उगाच हसत होती. काकूंच्या जावईबापूंनी मोबाइल पालथा का ठेवला?

पितरांसाठी तळलेल्या बोरसोकचा, त्या पिठाच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला तसे काकांनी प्रार्थनेसाठी तळवे उघडले. पितरांची नावं सुरू झाली. सगळे काकांबरोबर पुटपुटू लागले. बुरुल एकेकाचे ओठ बघत राहिली. जो अडखळेल तो सुटला, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

कुणीच अडखळलं नाही.

"बोरुबाय," चौदा जण एका सुरात म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी घरात आलेली सूनसुद्धा.

काकांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि बुरुलकडे पाहिलं. "सगळ्यांचे ओठ हलले, पोरी, तुझेच तेवढे हलले नाहीत. शहरात राहून सातवं नाव विसरलीस की काय?"