समुद्र उतरणार आहे!

गिऱ्हाईक घर बघायला जिना चढत होतं आणि अच्युतराव अजून दक्षिण ध्रुवावरून खाली उतरले नव्हते.

"सीधा हिसाब आहे, रमा. तिकडे बर्फ जास्त पडायला लागलाय. तो बर्फ कशाचा? समुद्राच्याच पाण्याचा. टाकीतलं पाणी नेऊन गच्चीवर गोठवलं, तर टाकी उतरणारच ना?"

पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला टाकी कोण शिकवणार! मोबाइलवर हे ज्ञान आलं, त्याच दिवशी त्यांनी ठरवलं. इंदूरच्या कृष्णपुऱ्यातलं घर विकायचं आणि कोकणात अगदी समुद्राला लागून घर घ्यायचं; पाणी मागेच हटणार, मग भीती कसली? दलाल सुशांतनं दोन्ही सौदे जुळवले. तिकडचं घर बघायलाही जायला नको, फोटोत लाटा दिसतच होत्या. उद्या सह्या.

मुलगी शमिका गोव्यात ध्रुवावरच्या बर्फाचाच अभ्यास करते. घरचंच माणूस, म्हणजे तिचं ऐकायचा प्रश्नच नव्हता. "बाबा," ती फोनच्या स्पीकरवर रडकुंडीला येऊन सांगत होती, "वर पडतो त्याहून जास्त बर्फ कडेनं समुद्रात जातोय. कुठे कुठे तर बर्फाऐवजी पाऊस पडतोय. तो आहे तो बर्फही वितळवतो."

"म्हणजे गच्चीवरचं फिरून टाकीतच येतंय," रमा म्हणाली.

"तू राहू दे गं!"

रमाला हे घर सोडायचं नव्हतं. महिनाभर तिचा जीव नुसता तुटत होता. पण साक्षात ध्रुव आडवा आल्यावर बायकोचं कोण ऐकतो?

सुशांत गिऱ्हाइकाला घेऊन आत आला. "भिया, हे गजाननराव. एकदम पक्की पार्टी."

सत्तरीच्या गजाननरावांनी खोल्या पाहिल्या नाहीत की नळ सोडून पाहिला नाही. "इथून समुद्र किती लांब हो?"

"चारशे किलोमीटर तरी असेल," अच्युतराव ओशाळून म्हणाले. "तेवढी एकच खोट आहे बघा."

"पसंत!"

"अहो, घर तर बघा!"

"बघायचं काय त्यात? आमच्याकडे आधी विहीर खारट झाली, यंदा भरतीचं पाणी माजघरात आलं. विकतोय एकदाचं. इंदूरचाच कुणी हुशार माणूस न बघता घेतोय म्हणे."

सुशांतला एकाएकी खोकला आला. अच्युतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. आणि महिनाभरात पहिल्यांदाच रमा खळखळून हसली.

"बसा ना, गजाननराव," ती म्हणाली. "हुशार माणूस तुमच्या समोरच उभा आहे."